वरचे सहा नाही, खालचे दोन हो

आमच्या बॉक्सिंगच्या खोलीत तिला सगळे पाना म्हणायचे. पहिल्या दिवशी ती जिना चढून वर आली, तेव्हा चाकाचे नट खोलायचा पाना तिच्या पँटच्या मागच्या खिशात तसाच होता. मामाच्या टायरच्या दुकानातून ती थेट आली होती. मी म्हटलं, "इथे नुसत्या हातांनी मारतात हं." तर म्हणाली, "माहितीय सर. हा चुकून आला." जणू पाना स्वतःच्या पायांनी चालत आला होता. सगळे हसले आणि नाव पडलं ते पडलंच.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मी दिवसभर लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ ही खोली चालवतो. खोली एका फर्निचरच्या गोदामाच्या वर आहे, त्यामुळे आमच्या घामालासुद्धा पॉलिशचा वास येतो. आजवर चाळीसेक मुलंमुली माझ्या हाताखालून गेली. पानासारखी नजर मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. एक ठोसा तिला एकदाच लागायचा. दुसऱ्यांदा तोच ठोसा यायच्या आधीच ती तिथून गायब झालेली असायची. समोरच्याचा खांदा किती हलला, टाच कधी उचलली, हे ती असं टिपायची की थक्क व्हावं.

दुकानातही तेच. गिऱ्हाईक टायरचा नंबर सांगायला लागलं की मामा म्हणायचे, "हिला नंबर नको, गाडी दाखवा." ती गाडीकडे एक नजर टाकायची, रांगेतल्या टायरांवरून तळहात फिरवायची आणि बरोबर हवा तोच टायर ओढून काढायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. टायरच्या कडेवर छापलेला नंबर ती कधीच का बघत नाही, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही.

कारण तिच्यातली दुसरी गोष्ट माझं डोकं फिरवायची. मी ओरडायचो "उजवा!", ती डावा मारायची. "डावीकडे सरक" म्हटलं की क्षणभर थबकायची आणि त्या क्षणात मार खायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात मी चार गोष्टी सांगायचो, त्यातली शेवटची तेवढी तिच्या लक्षात राहायची. भिंतीवर मी प्रत्येकाच्या सरावाचा कागद लावायचो. बाकीचे त्यापुढे उभे राहून वाचायचे, ही सरळ दोरीच्या उड्या मारायला लागायची आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायची, "आज काय आहे गं?" मला वाटायचं, हिला शिंगं फुटलीत. अंगात गुण आहे म्हणून सरांचं ऐकायला नको.

"डोकं घरी ठेवून येतेस का तू?" मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

"आणलं तर मार त्यालाच बसेल ना, सर," ती म्हणाली.

सगळे खिदळले. मी आणखी चिडलो. तिची थट्टा हीच तिची ढाल आहे, हे तेव्हा कळायला हवं होतं.

लिफ्टवाल्याला नोंद ठेवायची सवय असते. कुठली दोरी कधी बदलली, कुठलं दार कधी अडकलं, तारीख घालून लिहायचं. तीच सवय मी खोलीतही लावून घेतली होती. कोण आलं, कोण कुणाशी खेळलं, कुणाला किती लागलं, सगळं माझ्या वहीत असायचं. आणि पानाबद्दल मनात येईल तेही.

आदल्या वर्षीच्या स्पर्धेत ती उपांत्य फेरीत हरली. शेवटच्या फेरीआधी मी घसा फोडून सांगितलं होतं, की उजवीकडून जाऊ नकोस. ती उजवीकडूनच गेली. परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती हेडगार्ड मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरताना म्हणाली, "पुढच्या वेळी नीट ऐकीन, सर." मी "बघू" म्हणालो आणि चालू लागलो.

आता त्याच्या पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या दिवसाबद्दल सांगतो.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. गट साठ किलोचा. पहिलीच लढत गतविजेतीशी पडली होती. ती उंच, डावखुरी मुलगी, दोन वर्षं कुणाला हरली नव्हती. सकाळी वजन झालं, एकोणसाठ किलो सातशे. पानाने दोन केळी आणि उकडलेलं अंडं खाल्लं. मग वैद्यकीय तपासणी. तिथे खेळाडूने एकट्याने आत जायचं, मोबाईल दाराशी जमा करायचा, फॉर्म भरायचा आणि डॉक्टरांना भेटून बाहेर यायचं. ती फॉर्म देऊन लगेच बाहेर आली. डॉक्टरांकडे गर्दी होती, बोलावतील म्हणाले होते. तिने अंगठा वर करून दाखवला आणि आम्ही हात बांधायच्या पट्ट्या काढून बसलो.

एक वाजून दहा मिनिटांनी कर्ण्यावरून तिचा क्रमांक पुकारला. "खेळाडू आणि प्रशिक्षक, दोघांनी ताबडतोब वैद्यकीय कक्षात यावं."

दोघांना सहसा बोलवत नाहीत.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, केस आखूड कापलेले, चष्मा साखळीला लटकलेला. टेबलासमोर पाच-सहा खेळाडू रांगेत उभ्या होत्या आणि त्यांतच ती उंच मुलगीही होती. बाईंनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला.

"प्रशिक्षक तुम्ही?"

"हो."

"ही मुलगी लिहून देते की ती स्वतःच्या मर्जीने खेळत नाहीये. पालकांना कल्पना नाहीये. गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार बसून तिची शुद्ध हरपली होती, आणि तेव्हापासून तिला दोन-दोन दिसतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही हिला जबरदस्तीने आणलंय का?"

मी पानाकडे बघितलं. ती फॉर्मकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहीतरी चूक झालीय, मॅडम," मी म्हणालो. "घाईत खुणा चुकल्या असतील."

"चार ठिकाणी? आणि खाली सही?" बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दोन वाजता यादी बंद होते. मी हिला खेळू देणार नाहीये. मागच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत एका मुलाचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्याचेही प्रशिक्षक घाईत चूक झाली म्हणत होते."

"मला काही झालेलं नाही," पाना म्हणाली. "कधी बेशुद्ध पडले नाही मी."

"मग लिहिलंस का तसं?"

पाना पुन्हा फॉर्मकडे बघू लागली. बाईंनी ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढला आणि तिच्या हातात दिला.

"ठीक आहे. सातवा प्रश्न. मोठ्याने वाच आणि मला उत्तर दे. मी ऐकते."

रांगेतली कुजबुज थांबली. पानाने फॉर्म दोन्ही हातांनी धरला. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता वाचेल. तिच्या कपाळावर घाम जमला, रिंगमध्ये तिसऱ्या फेरीतही जमत नाही इतका. डोळे ओळीवरून पुढे गेले, मागे आले, परत पुढे गेले. आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. भिंतीवरचा कागद. टायरचा नंबर. "आज काय आहे गं?"

"येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही?"

"वाचता." मग घाईघाईने, "म्हणजे येतं. नववीपर्यंत शिकलेय मी. पण अक्षरं एका जागी उभी राहत नाहीत. घरी बसून, बोट ठेवून, एकेक करत जमतं. असं कुणी समोर उभं राहिलं की सगळं उडतं."

"मग हा भरलास कसा?"

"माझी ताई भरायची. फोटो काढून तिला पाठवायचे, ती सांगायची. आज मोबाईल घेतला ना तुम्ही." तिने दाराकडे बोट केलं. "मागच्या वर्षीचा फॉर्म मला पाठ होता. वरचे सहा नाही, खालचे दोन हो. तशाच खुणा केल्या."

बाईंनी फायलीतून मागच्या वर्षीचा एक फॉर्म काढून तिच्या फॉर्मशेजारी ठेवला. नव्या फॉर्मात कुणीतरी क्रम बदलला होता. संमतीचे दोन प्रश्न खालचे वर गेले होते आणि आजाराचे सहा खाली. मला वाटलं, सुटलो. पण बाई तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या.

"हे खरं असेल," त्या म्हणाल्या, "किंवा खेळायला मिळावं म्हणून आत्ता सुचलेलं असेल. मला तपासावं लागेल. डाव्या हाताने उजवा कान धर."

पानाने खाली बघितलं, आपले दोन्ही अंगठे बघितले, मग हात उचलला. दोन सेकंद उशीर.

"हातांकडे का बघितलंस?"

"डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे. पंक्चरच्या मशिनवर भाजलं होतं. त्यावरून डावा कळतो."

"आणि ग्लोव्ह घातल्यावर?"

"ग्लोव्ह घातला की डाग दिसत नाही," ती हळू आवाजात म्हणाली.

तीन वर्षं मी रिंगच्या कडेने ज्या शब्दांत ओरडत होतो, ते शब्द ग्लोव्हच्या आत झाकून जात होते.

"आता मी आकडे सांगते, ते उलट्या क्रमाने सांग. चार, नऊ, तीन, सात."

"सात... नऊ..." ती थांबली. "सात, चार..."

बाईंनी कागदावर फुली मारली. महिने उलटे म्हणायला सांगितले. ती तिसऱ्यावरच अडकली. दुसरी फुली. डोक्याला मार बसलेल्या माणसाची जी लक्षणं बाई शोधत होत्या, तीच ही जन्मापासून घेऊन फिरत होती.

"हे असं किती दिवसांपासून?"

"पहिलीपासून."

"काही पुरावा? कुणी तपासलंय?"

"शाळेने मठ्ठ म्हणून सांगितलं होतं घरी," पाना म्हणाली. "ते चालेल का?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. उंच मुलगी हसली नाही. तिने मान वळवली आणि खिडकीकडे बघत राहिली.

एक वाजून पस्तीस मिनिटं. बाई माझ्याकडे वळल्या. "गेल्या तीन महिन्यांत सरावात हिला काय लागलं, त्याची नोंद आहे का तुमच्याकडे? आणि हे डाव्या-उजव्याचं आधीपासून आहे, हे दाखवणारं काही?"

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. नुसतं हो म्हणून ती टेबलावर ठेवायची, एवढंच काम. पण आत काय लिहिलंय ते मला माहीत होतं. खरं सांगतो, माझा हात पिशवीकडे गेला आणि तिथेच थांबला. मनात आलं, नाही म्हणावं. पुढच्या वर्षी खेळेल. मग पानाने माझ्याकडे बघितलं. तिला काही कल्पना नव्हती. तिला वाटलं, माझ्याकडे काही नसणार.

मी वही काढून दिली.

बाईंनी ती मागून पुढे चाळली. आधी मनात वाचलं. मग मध्येच, वर न बघता, त्या मोठ्याने वाचू लागल्या, एकेक तारखेसह. "पाना पुन्हा उलटी. उजवा सांगितला, डावा मारला." पान उलटलं. "चारदा सांगूनही तेच. मुद्दाम करते." पान. "आळशी. कागद वाचत नाही." पान. "आज हाकलून द्यावीशी वाटली. गाढव." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे गाढव म्हणजे?"

"तीच," मी म्हणालो.

पाना माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाईंनी शेवटच्या तीन महिन्यांची पानं नीट, ओळीवर बोट ठेवून वाचली. कोण कुणाशी खेळलं, कुणाला कुठे लागलं. पानाच्या नावापुढे नाकातून एकदा रक्त, एवढंच होतं. मग त्यांनी तिला एका पायावर उभं केलं, डोळे मिटून चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, बोट फिरवून नजर तपासली. पाच वस्तूंची चित्रं दाखवून झाकली आणि दहा मिनिटांनी विचारली. पाचही बरोबर, वर ती म्हणाली, "आणि कात्रीची एक मूठ तुटकी होती." बाई पहिल्यांदा किंचित हसल्या.

"याला डिस्लेक्सिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "हा मठ्ठपणा नव्हे. स्पर्धा झाल्यावर रीतसर तपासून घे, मी पत्ता देते." मग स्वतः एकेक प्रश्न वाचून नवा फॉर्म भरला, तिची सही घेतली आणि खाली आपली केली. दोनला पाच मिनिटं कमी होती.

बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं. "पाना, मी..."

"नंतर, सर," ती म्हणाली. "आत्ता बोललात तर मी रडेन, आणि रडले की नाक चोंदतं. चोंदलेल्या नाकाने कसं खेळू?"

मी गप्प तिच्या हातांना पट्ट्या बांधल्या. ती हात पुढे करून दुसरीकडे बघत होती.

चार वाजता लढत सुरू झाली. पहिली फेरी सरळ सरळ उंच मुलीची. तिचा लांब हात पानाला जवळच येऊ देईना. तीनदा पानाच्या तोंडावर ठोसा बसला. पाना कोपऱ्यात येऊन बसली तेव्हा तिचा खालचा ओठ सुजला होता. मी पाणी दिलं आणि सवयीने चार गोष्टी सांगायला श्वास घेतला. डावीकडून, उजवा, खाली, मग... सगळे शब्द जिभेवर होते. मी ते गिळले.

"तुला काय दिसतंय?" मी विचारलं.

तिने चमकून माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

"मोठा ठोसा मारायच्या आधी ती पुढचा पाय आत वळवते," ती धापा टाकत म्हणाली. "तेव्हा तिचं पोट उघडं पडतं. या बाजूचं." तिने ग्लोव्ह माझ्या बरगड्यांवर टेकवला.

मी रिंगच्या कडेला उभा राहून ते बघितलं नव्हतं. तिने मार खाता खाता बघितलं होतं. मी तिच्या एका ग्लोव्हवर थाप मारली. "हा. तिथे. बाकी काही नाही."

दुसऱ्या फेरीत ती थांबून राहिली. एक ठोसा खाल्ला, दुसरा चुकवला. मग त्या मुलीचा पाय आत वळला आणि पानाने तिच्या हाताखालून आत शिरून बरगड्यांवर ठोसा हाणला. पुन्हा. पुन्हा. उंच मुलगी वाकली. मी दोरीला इतकं घट्ट धरलं होतं की माझी नखं तळहातात रुतली होती. पण तोंडातून शब्द काढला नाही. शेजारच्या प्रशिक्षकाने विचारलं, "आज मुकाट का?" मी मान हलवली.

तिसरी फेरी कुणाची, ते मला अजूनही सांगता येणार नाही. उंच मुलगी काही साधी नव्हती, तिने पाय वळवणं बंद केलं. दोघी मध्यभागी उभ्या राहून मारत होत्या. शेवटच्या दहा सेकंदांत दोघींचे हात वर होत नव्हते.

पाच पंच होते. दोघांनी पानाला कौल दिला, तिघांनी उंच मुलीला. रेफ्रीने त्या मुलीचा हात वर केला. पाना हरली.

रिंगमधून उतरताना त्या मुलीने तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं. मी विचारलं तेव्हा पाना म्हणाली, "तिचा धाकटा भाऊ माझ्यासारखाच आहे म्हणे. पुस्तक समोर आलं की उलटी होते त्याला." मग ती बाकावर बसली, पट्ट्या सोडल्या आणि आता मात्र खूप वेळ रडली. मी शेजारी बसून राहिलो. माफी मागितली. ती मान डोलवत होती, पण "असू दे" म्हणाली नाही.

"ती वही द्या मला," डोळे पुसून ती म्हणाली.

"कशाला आता?"

"ताईकडून वाचून घेणार. पहिल्यापासून."

मी दिली. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

आठ दिवस ती आली नाही. मी दोनदा टायरच्या दुकानापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरलो. तिसऱ्यांदा मामांनीच मला बघितलं. "या की," ते म्हणाले. त्यांनी स्टूल दिलं, पण स्वतः बसले नाहीत. "शाळेने सांगितलं तेव्हा मीही तेच मानलं होतं," ते हातातलं फडकं पिळत म्हणाले. "म्हणून तुम्हाला काही बोलायला माझी जीभ उचलत नाही." पाना मागे एका ट्रकच्या चाकाशी बसली होती. ती उठून आली नाही.

नवव्या दिवशी ती खोलीवर आली, सगळ्यांच्या आधी. वही माझ्या हातात दिली.

"ताई रडली," ती म्हणाली. "मी नाही रडले. मला राग आला. अजून आहे. आणि ताई म्हणते, तुमचं अक्षर तिला धड वाचता येत नाही, तेव्हा वाचण्यावरून कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"मला शब्दांनी सांगू नका. हात लावून दाखवा, नाहीतर करून दाखवा. आणि एका वेळी एकच."

"बरं."

"आणि गाढव खोडा. मी खोडणार होते, पण म्हटलं तुम्हीच खोडा."

मी तिच्यासमोर पेन काढून ते खोडलं. तसे शब्द आणखी चार ठिकाणी होते, तेही. ती उभी राहून बघत होती. मग दोरी घेऊन उड्या मारायला लागली.

डॉक्टरबाईंनी दिलेल्या पत्त्यावर ती गेली. बाईंनी पुरावा म्हणून विचारला होता, तसा तपासणीचा कागद तिला मिळाला. पुढच्या वर्षीपासून तिचे फॉर्म स्पर्धेच्या ठिकाणचंच कुणीतरी तिला वाचून दाखवायला लागलं. त्यासाठी दर वेळी तिला पाच-दहा मिनिटं वाद घालावा लागायचा आणि ती घालायची. दोन वर्षांत ती नऊ लढती खेळली, सहा जिंकली, एकदा तिसरी आली. त्या उंच मुलीशी पुन्हा गाठ पडली नाही. ती वरच्या वजनगटात गेली. मग पानाचा खांदा निखळला, नीट बसला नाही, आणि पंचविसाव्या वर्षी खेळणं थांबलं. त्याचं तिला फार लागलं. महिनाभर ती कुणाशी धड बोलत नव्हती.

आता ती एकतीस वर्षांची आहे. मामांचे गुडघे गेल्यामुळे दुकान तीच बघते. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती खोलीवर येते आणि नव्या मुलींना शिकवते. स्पर्धेला गेलो की मुली तिलाच कोपऱ्यात उभं करतात. मी पाण्याची बाटली आणि टॉवेल धरतो. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण त्या एका मिनिटात ती मुलीसमोर बसते, काही न बोलता आधी तिचा श्वास जागेवर येऊ देते आणि मग एकच गोष्ट करून दाखवते. ते बघायला मला आवडतं.